गोल पडद्याच्या आत

पिंपळगाव राजा या गावचा गुलाम रसूल नाटकाचे पडदे रंगवायचा. राजवाडा म्हणा, जंगल म्हणा, माणसं उठून हात लावून बघायची. पुढं फ्लेक्स आले, धंद्याचे बारा वाजले नि रसूलभाई दुकानांच्या पाट्यांवर आला.

अशात एका बियाणेवाल्यानं मेळाव्यासाठी मोठं काम दिलं. पडदा असा वळवायचा, की मधोमध बसलेल्याला तिन्ही अंगांनी नुसता फुटलेला कापूस दिसावा. बीटी कापसाचे दिवस ते, अळी लागत नाही म्हणून बियाणं हातोहात खपायचं. रसूलभाईला काय, आंधळा मागतो एक डोळा! बायकोनं, नसीमानं, मांजरपाट जोडून शिवलं. त्यानं खालच्या ओळी मोठ्या, वरच्या बारीक काढत नजर पार डोंगरापर्यंत नेली. बोंडं मात्र बियाणेवाल्याच्या हुकमानं मुठीएवढी. पायथ्याशी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या रोवून त्यांना कापूस चिकटवला. खरं कुठं संपलं नि रंग कुठं सुरू झाला, हे कोणाच्या बापाला कळू नये.

मेळाव्याच्या दिवशी तो सहज आत जाऊन बसला. आणि काय सांगावं, भुलला की! आपणच घोटलेला रंग, आपणच चिकटवलेला कापूस; पण सगळीकडं पांढरंफेक दिसू लागलं तसे गड्याला स्वतःचे दोन एकर आठवले. उठला आणि सगळ्यांच्या आधी बियाण्याच्या थैल्या घेतल्या.

"डोकं ठिकाणावर हाय का? थे बोंडं तुमीच काढले ना!" नसीमा कडाडली. तिला तिथं ज्वारी हवी होती. घरची भाकर नि बकऱ्यांचा कडबा त्यावरच चाले. पण ऐकेल तो रसूलभाई कसला!

दिवाळीच्या सुमारास बोंडं फोडली, तर आत गुलाबी अळी. ज्वारी विकत आणावी लागली, नसीमाचे टोमणे खावे लागले, ते त्यानं सोसलं. खरा घोर होता उकंडरावाचा. लहानपणापासूनचा दोस्त, वावराला वावर लागून, आणि त्यानंही तेच बियाणं पेरलेलं. आपल्या चित्रानं दोस्ताला बुडवलं, या लाजेनं रसूलभाई वावरात लांबच्या वाटेनं जाऊ लागला.

शेवटी उकंडरावच दारात आला. "काऊन तोंड लपवून राह्यला बे?"

"माह्या चित्रापायी झालं भाऊ. माफ कर."

"चित्र?" उकंडराव ओट्यावर टेकला. "चित्रं लय पाह्यले म्या. थैली घेऊ का नोको, असं चाललं होतं माह्यं. मंग मेळाव्यात तुले उठताना पाह्यलं. म्हटलं, बोंडं काढणाराच घेऊन राह्यला, तं खरं असन."