एकदोनकाकांचा रिमोट

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला आम्ही सगळे दादा म्हणायचो, पण शाळेतली पोरं त्यांना एकदोनकाका म्हणायची. कारण साधं होतं. फोटो काढताना ते मोठ्याने "एक, दोन, तीन" मोजायचे आणि बटण मात्र दोनलाच दाबायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "भाऊजी, तीनला माणूस तयार होतो. तयार झालेला चेहरा त्याचा नसतो. दोनला तो अजून घरातल्यासारखा असतो."

मला यातलं काही कळत नाही. मी जन्मभर पाणीखात्यात मीटर तपासले. पण दादांनी काढलेल्या माझ्या फोटोत मी बराच बरा दिसतो, एवढं मला माहीत आहे.

त्यांचा स्टुडिओ म्हणजे रस्त्यावरची एक खोली. पुढे काउंटर, मागे राखाडी पडदा, एक गोल स्टूल, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीने बांधलेला कंगवा. ओळखपत्राचे फोटो काढायला लोक येत. लग्नकार्यांची कामं त्यांनी केव्हाच सोडली होती. पण दरवर्षी शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाचा फोटो मात्र तेच काढत. आमच्या भागातल्या निम्म्या घरांच्या भिंतींवर तो कुठल्या ना कुठल्या वर्षाचा फोटो आहे.

हात थरथरायला लागल्याचं आधी माझ्या बायकोला कळलं. ते आमच्याकडे चहाला आले होते. कपबशी उचलली आणि बशी वाजायला लागली.

"दादा, बशीला काय ताल धरायला शिकवतोयस?" ती म्हणाली.

ते हसले, पण बशी खाली ठेवेपर्यंत वाजतच राहिली. नंतर स्वयंपाकघरात तिने ती कपबशी दोनदा विसळली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हे जाणार नाही म्हणून सांगितलं. थरथर दोन्ही हातांत होती, उजव्यात जास्त. त्यातही गंमत अशी की कुणी बघत नसलं की कमी, आणि कुणी बघायला लागलं की हात ऐकेनासा व्हायचा. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर असला तरी बटणावर बोट ठेवताच सगळं हलायचं. ओळखपत्राच्या फोटोत ते एक वेळ खपून जायचं, पण वर्गाचा फोटो मोठा करायचा असतो. "केसभर हललं तरी मागच्या रांगेतली पोरं पुसली जातात," असं ते म्हणायचे.

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिने एक रिमोट पाठवला. काडेपेटीएवढा, वर एकच बटण. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, लांबून दाबायचं, फोटो निघतो. दादांनी तो आठवडाभर डब्यातच ठेवला. "टीव्ही लावल्यासारखे फोटो काढू का आता?" म्हणाले. कॅमेऱ्यात वेळ लावून द्यायची सोय असते ना, असंही मी विचारून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "यंत्र दहापर्यंत मोजतं. तेवढ्यात माझं दोन कुठल्या कुठे जातं."

मग एका दुपारी मला बोलावणं आलं. स्टुलावर बसवलं. ते कॅमेऱ्याच्या मागे उभे राहिले, रिमोट कमरेजवळ, कोपर बरगडीला दाबून धरलेलं. हात थरथरत होता, पण तो कॅमेऱ्याच्या आड होता, मला दिसतही नव्हता. "एक, दोन," म्हणाले आणि खट् आवाज झाला. फोटो स्वच्छ आला. माझ्या कानावरचे केससुद्धा मोजता आले असते, अर्थात मोजण्यासारखे फारसे नाहीत.

दादांनी तो फोटो कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा केला, आणखी मोठा केला, आणि खुर्चीत टेकून बसले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

"एवढं शाळेचं काम मला करू द्या," ते म्हणाले. मला की आणखी कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग मात्र माझ्याकडे बघून म्हणाले, "तिथं कुणाला काही बोलू नका. हाताचं."

मी शब्द दिला. त्यानंतरचे काही दिवस येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो त्यांनी रिमोटवर काढला. एकदाही चुकला नाही.

शाळेतल्या फोटोच्या दिवशी तिकाटणं आणि पिशवी उचलायला मला बरोबर धाडण्यात आलं. बायकोने बजावलं, "तुम्ही मध्येमध्ये सूचना करू नका. तुम्हाला मीटर कळतात." मी कशाला सूचना करतोय.

मैदानात बाकं मांडून ठेवली होती. मागची रांग बाकांवर उभी, मधली खाली उभी, पुढे खुर्च्यांवर शिक्षक आणि जमिनीवर बुटकी पोरं. मधल्या खुर्चीवर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका. त्या स्वतः कधीकाळी दादांच्या वर्गफोटोत उभ्या होत्या. बाजूला एक नवे सर होते, तरुण, गळ्यात शिट्टी. मी तिकाटणं लावून दिलं. दादांनी रांगा नीट केल्या, कुणाला पुढे घेतलं, कुणाची कॉलर सरळ करायला सांगितली. दोन्ही हात खिशात होते. पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग ते कॅमेऱ्यामागे आले, रिमोट कमरेजवळ धरला.

"एक, दोन..."

काही झालं नाही.

"तीन," एक पोरगा मागून म्हणाला आणि सगळे हसले.

दादांनी पुन्हा मोजलं, पुन्हा दाबलं. काही नाही. बॅटरी आदल्याच दिवशी नवी घातली होती, मी समोर होतो. त्यांनी रिमोट वर धरला, तिरका धरला, कॅमेऱ्याला चिकटवून धरला. काही नाही. उन्हाने पोरांची कपाळं ओली व्हायला लागली. मागच्या रांगेत ढकलाढकली सुरू झाली.

"मी दाबू का?" मी हळूच विचारलं.

"तुम्हाला दोन सापडणार नाही, भाऊजी." आवाज रागाचा नव्हता. खरंच होतं ते. स्टुडिओत एकदा त्यांनी मला प्रयत्न करायला लावला होता, तेव्हा मी पडद्याच्या चुणीचा फोटो काढला होता.

शेवटी त्यांनी कॅमेऱ्याच्या बटणावरच बोट ठेवलं. तिकाटण्याचे पाय थरथरलेले मला दिसले. बोट त्यांनी मागे घेतलं.

पहिल्या रांगेतल्या एका पोराच्या शर्टाचं बटण उघडं होतं. ते लावायला सांगायच्या निमित्ताने दादा पुढे गेले. मला वाटतं त्यांना थोडा वेळ हवा होता. परत फिरताना हातातला रिमोट नकळत दाबला गेला, आणि कॅमेरा खट् वाजला.

ते जागच्या जागी उभे राहिले. मला काही उमगलं नाही, पण त्यांना उमगलं. घरी आल्यावर त्यांनी सांगितलं ते असं की त्या रिमोटमधून डोळ्यांना न दिसणारा उजेड निघतो आणि तो कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या बारीक काचेवर पडावा लागतो. स्टुडिओत खोलीच्या भिंतींवर आपटून तो परत येत होता, म्हणून मागून दाबलं तरी चालत होतं. मैदानात आपटायला भिंत नव्हती. म्हणजे आता रिमोट धरलेला हात कॅमेऱ्याच्या पुढे न्यायला हवा होता. सगळ्यांच्या समोर.

दादा कॅमेऱ्याच्या बाजूला थोडे पुढे येऊन उभे राहिले आणि हात लांब केला. सगळं मैदान त्या हाताकडे बघत होतं, आणि बघितलं की काय होतं ते मी सांगितलंच आहे. हात नुसता थरथरत नव्हता, उडत होता. त्यांनी डाव्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही उडायला लागले.

"एक, दोन," ते म्हणाले. खट्.

ते मागे येऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. मीही वाकलो. फोटो अतिशय स्वच्छ होता. मागच्या रांगेपर्यंत एकेक चेहरा कोरल्यासारखा. आणि त्या सगळ्या चेहऱ्यांतले डोळे एका बाजूला, फोटोच्या बाहेर कशाकडे तरी लागलेले.

"काका, तुमचा हात नाचतोय," पुढे बसलेली एक चणीने लहानशी मुलगी म्हणाली. तिने ते गंमत म्हणून सांगितलं. दोघं-तिघं हसले. नव्या सरांनी शिट्टीला हात घातला, तेवढ्याने हसू थांबलं. ते थांबलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मी तिथेच होतो. मी शब्द दिला होता की काही बोलणार नाही, आणि आता बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

मोठ्या बाई खुर्चीवरून उठल्या. दादांजवळ आल्या, हाताकडे बघितलं नाही. "दादा, तो रिमोट समोरून चालतो ना? मग आमच्यात बसूनच काढा की. इतकी वर्षं काढताय, एकदा तरी बसा." त्यांनी आपल्या शेजारच्या खुर्चीवरच्या शिक्षकांना उठवलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी काय करणार. मी मान हलवली, पण हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता येणार नाही.

ते जाऊन बसले. हात मांडीवर, पुढच्या पोराच्या खांद्याआड, रिमोटचं टोक तेवढं खांद्यावरून कॅमेऱ्याकडे. आता हाताकडे कुणाचं लक्ष नव्हतं, पोरं कॅमेऱ्याकडे बघत होती. "एक, दोन," रांगेच्या मधूनच त्यांचा आवाज आला. खट्. फोटो उत्तम आला. दुसरा काढावाच लागला नाही.

तिकाटणं मिटताना मोठ्या बाई आमच्याजवळ आल्या. किती छान झालं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून तुम्हाला हा उन्हातला त्रास नको. आपले नवे सर हौशी आहेत, त्यांच्याकडे कॅमेरा आहे. तुम्ही मात्र यायचं हं. आमच्यात बसायला." त्या मनापासून बोलत होत्या.

"येईन," दादा म्हणाले.

रस्त्याने ते एकदाच बोलले. "खिशात उंदीर पाळलाय मी, भाऊजी. फार दिवस लपत नाही तो."

तो फोटो त्यांनी स्टुडिओत काउंटरच्या मागे लावला. लोक विचारायचे, "यात तुम्ही कसे? मग काढला कुणी?" ते म्हणायचे, "मीच." लोकांना ती थट्टा वाटायची. रिमोटने ते ओळखपत्राचे फोटो अजून काढत होते, भिंतीच्या जोरावर. पण दुपारी दार ओढून घेण्याची वेळ हळूहळू लवकर यायला लागली.

पुढच्या वर्षी शाळेतून निरोप आला. मला वाटलं नव्हतं ते जातील. इस्त्रीचा शर्ट घालून ते निघाले आणि मला म्हणाले, "चला, उचलायला काही नाही, पण चला." त्यांना मोठ्या बाईंच्या शेजारी बसवलं. मी कडेला उभा राहिलो. पोरांच्या नवीन वर्गाला एकदोनकाका म्हणजे कोण ते नीट माहीत नव्हतं.

नव्या सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "रेडी? एक, दोन, तीन." आणि तीनला दाबलं. पोरं तीनला छाती काढून, ओठ मिटून तयार झालेली होती.

मी पोरांकडे बघतच नव्हतो. दादांचे हात मांडीवर होते, थरथरत होते. सरांनी "दोन" म्हटलं तेव्हा त्यांचा उजवा अंगठा खाली दाबला गेला.

मग ते तीनसाठी हसले.