बारा घरांचा ड्रेन

ब्रिस्टलमधल्या आमच्या गल्लीत बारा घरं होती आणि सांडपाण्याचा ड्रेन आमचा आम्हीच साफ ठेवायचो. दर महिन्याला एका घराची पाळी. हा रोटा, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, सात नंबरचे गृहस्थ ठेवायचे. मराठी माणूस, विमानाच्या कारखान्यात इंजिनियर, बोलण्याआधी चष्मा पुसायची सवय. पाळी कुणी टाळली तर ते रागवत नसत. रबरी हातमोजे घेऊन दारात उभे राहत आणि म्हणत, "अहो, तुमचा मे महिना."

मे महिना माझा होता. आमच्या घराण्यात गटाराला कुणी हात लावलेला नव्हता. माझ्या आडनावावरून ते त्यांना पहिल्याच दिवशी कळलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. झाकण कसं उचलायचं, ते मात्र शेजारी गुडघे टेकून शिकवलं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कौन्सिल, म्हणजे तिथली नगरपालिका, ड्रेन ताब्यात घ्यायला निघाली. सभेत अधिकारी म्हणाला, "आमची माणसं करतील की. तुम्हाला ही घाण कशाला हवी?"

सात नंबरच्या गृहस्थांनी चष्मा पुसला आणि शांतपणे इंग्रजीत सांगितलं, "माझ्या गावात हे काम फक्त आमच्या वस्तीचं होतं." मग रोटा टेबलावर उलगडला. "इथे डॉक्टरांचं नाव आहे, हेडमास्तरांचं आहे, माझंही आहे. सगळ्यांचं एकेकदाच. हा कागद मी रद्द होऊ देणार नाही."

बाराही घरांचे हात कौन्सिलच्या विरोधात वर गेले.

पुढच्याच आठवड्यात मे लागला. त्या वर्षी हातमोजे मागायला मीच त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.