नुसता शेक

पेज शिजल्याचा वास आला की मला वडिलांचा तो सोमवार आठवतो. त्यांच्या घशात कॅन्सरची गाठ होती. रोज दहा मिनिटांचा रेडिएशनचा शेक आणि दर सोमवारी त्याआधी सलाईनमधून औषध, त्यात अख्खा दिवस जायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, "औषधानं गाठ कमजोर पडते, मग शेक नीट लागू होतो. दोन्ही बरोबरच हवं." चौथ्या सोमवारी कासारवाडीजवळ रिक्षातच त्यांना उमासे यायला लागले. "आज सुई नगं रं, नुसता शेक घिऊ," ते म्हणाले. मला चाकणची दुपारची शिफ्ट गाठायची होती, मी लगेच कबूल झालो. सिस्टर म्हणाल्या, "मग उद्या औषधाला नक्की आणा." मी हो म्हणालो आणि नेलं नाही. घरी वाटीभर पेज पिऊन ते आईला म्हणाले, "पोरानं माझं ऐकलं." पुढच्या सोमवारीही आम्ही तेच केलं. वर्षाच्या आत गाठ परत आली. ते औषध घेतलं असतं तर वाचले असते का, हे मी कुठल्याच डॉक्टरला विचारलं नाही. शेवटपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोराला माझी दया आली. शिफ्टचं मी त्यांना कधीच सांगितलं नाही. आता त्यांच्या फोटोसमोरही सांगवत नाही.