उंबऱ्याच्या आत

आनंदराज एकोणीस वर्षं विष्णुपुरीत गॅसच्या टाक्या वाहत होता. जिन्यात पाऊल टाकताच कुठल्या मजल्यावर गॅस गळतोय, ते तो नुसत्या नाकाने सांगे. प्रमोदिनीबाईंच्या घरी मात्र हे नाक फुकट होतं. पहिल्याच दिवशी बाईंनी त्याचं आडनाव विचारलं, आणि तेव्हापासून त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. टाकी दारात ठेवायची. आत नेऊन जोडायचे ते त्यांचे यजमान, रेणुकादास सर. सर कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे, त्यामुळे त्यांना काही सांगायची सोयच नव्हती.

त्या सकाळी आनंदराजने दारात टाकी टेकवली आणि सडक्या कोबीसारखा तो वास नाकात घुसला. नव्या टाकीचा नव्हता. स्वयंपाकघरातून येत होता.

"बाई, आत गॅस गळायलाय."

"टाकी संपत आली की येतोच वास," बाई म्हणाल्या. त्यांच्या एका हातात धुपाटणं होतं, दुसऱ्या हातात काडेपेटी. "तोच घालवायला धूप लावतेय."

आनंदराजचं डोकंच फिरलं. चपलांसकट आत घुसून त्याने काडेपेटी हिसकावली. सर पंखा लावायला निघाले होते.

"बटनाला हात लावू नका सर. ठिणगी पडंल."

त्याने रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, दोघांना अंगणात काढलं. वास गेल्यावर पाहिलं, तर नळीला बोटभर चीर. नळीवरची मुदत चार वर्षांपूर्वीच संपलेली.

"निदान चपला तरी काढायच्या," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि त्याच्यादेखत फरशी पुसायला लागल्या.

त्याची कानशिलं तापली. एकदा जरी आत येऊ दिलं असतं, तर ही नळी कधीच बदलली असती. हे दोघं जळून मेले असते आणि खापर फुटलं असतं टाकीवाल्याच्या डोक्यावर. दात आवळून त्याने गाडीतली नवी नळी बसवली, साबणाचा फेस लावून तपासली आणि निघाला.

पुढच्या खेपेला तो दाराशी आला, पण टाकी खांद्यावरून उतरवली नाही.

"ठेवा की," बाई म्हणाल्या.

"आत येऊन जोडीन, तपाशीन. न्हाई तर माघारी नेतो."

तीस किलो खांद्यावर घेऊन तो तसाच उभा राहिला. बाईंनी सरांकडे पाहिलं. सर खाली बघत होते. शेवटी बाई बाजूला सरल्या.

आनंदराजने चपला दारात काढल्या. मागच्या वेळी तेवढा वेळ नव्हता, एवढंच.