ह्यांचे लाल झिंगे

आमच्याकडे झिंगे म्हणजे बाजारातून कागदात बांधून आणायचे, तव्यावर भाजायचे आणि चटणीत घालायचे. तेच कोणी काचेच्या टँकमध्ये हौसेने पाळतं, हे मला माहीत नव्हतं. ह्यांनाही नव्हतं.

माझे यजमान बडनेऱ्याला रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते. किडन्या निकामी झाल्या तेव्हा नोकरीची बरीच वर्षं बाकी होती. आधी बसून करायचं काम मिळालं, पुढे तेही झेपेना. आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस आणि बाकीचे दिवस घरात. घरात आम्ही दोघंच. सगळ्यात कठीण होतं ते पाणी. दिवसाला किती प्यायचं हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. आमच्या भागात माणूस दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, आणि हे एक लहान पेला घोट घोट करून दिवसभर पुरवायचे. त्यांच्यासमोर पाणी पिणं मी सोडूनच दिलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन प्यायचे.

एका हिवाळ्यात आम्ही अकोल्याला माझ्या भासऱ्यांकडे, म्हणजे ह्यांच्या मोठ्या भावाकडे, गेलो. त्यांच्या बैठकीत एका टँकमध्ये नखाएवढे लाल झिंगे होते. इवल्या पायांनी पानावरचं काहीतरी टिपून तोंडाकडे नेत होते, एकसारखं, घाई न करता. हे समोर बसले ते जेवायला हाका मारल्या तरी उठेनात. निघताना भासऱ्यांनी घरात पडून असलेला एक टँक दिला.

"महिनाभर नुसतं पाणी चालू ठेव. झिंगे मंग ने," ते म्हणाले.

"नुसतं पाणी काय पाहू, दादा?"

ह्यांनी ऐकलं नाही. अमरावतीत एका दुकानात झिंगे दिसले, त्याच दिवशी घेतले आणि नळाच्या ताज्या पाण्यात सोडले. संध्याकाळपर्यंत ते कडेकडेने सैरभैर पळत राहिले. मग एकेक करून तळाला आडवे झाले. दोनतीन दिवसांत एकही उरला नाही. ह्यांनी ते चमच्याने उचलून मोगऱ्याच्या कुंडीत पुरले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

"दुसरे आणू," मी म्हटलं.

"माह्या हातानं मेले ते. आता दादा म्हणते तसंच करीन."

मग टँक धुऊन पुन्हा मांडला. तळाला बारीक वाळू, थोडं शेवाळ आणि बुडबुडे सोडणारा स्पंजचा फिल्टर. बडनेऱ्याच्या क्वार्टरजवळच्या जंगली बदामाची वाळकी पानं आणून तीही आत टाकली. झिंग्यांची घाण पाण्यात विष होते. ती खाऊन टाकणारे जंतू आधी वाढावे लागतात, आणि त्यालाच वेळ लागतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. शेजारीण आली की म्हणायची, "याच्यात तं काहीच नाई!" हे नुसते हसायचे. विष किती उरलं ते कळावं म्हणून दर रविवारी काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग उजेडात धरून पाहायचे. स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट मात्र ते मला वाचायला लावायचे.

पाणी तयार झालं तेव्हा भासरे स्वतः झिंगे घेऊन गाडीने आले. पिशवीतलं पाणी एका भांड्यात ओतलं आणि बारीक नळीने टँकचं पाणी त्यात थेंबथेंब सोडलं, झिंग्यांना एकदम धक्का बसू नये म्हणून. दोघं भाऊ दुपारभर त्या भांड्याशी बसले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा भासरे खाली पाहत म्हणाले, "माही किडनी चालली असती तं..." ते द्यायला तयार होते, पण त्यांना शुगर निघाली आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. ही गोष्ट भासऱ्यांनी आजवर तोंडातून काढली नव्हती.

"ते नको काढू, दादा," हे म्हणाले. "नळी पाह्य, थेंब लय जोरात पडून राह्यले."

ते झिंगे जगले. एकदा तळाला पांढरी पोकळ आकृती दिसली आणि मी घाबरले, तर ती नुसती टाकलेली कात होती. उन्हाळा कठीण गेला. कूलर टँकच्या खोलीत आणला, पाण्यावर छोटा पंखा लावला. पाणी रोज उडून जायचं आणि हे रोज पिण्याच्या फिल्टरचं पाणी थोडं थोडं भरायचे. एकदा मी विचारलं, "तुमाले त्रास नाई होत, पाण्याजोळ बसून?"

"तहान तं लागतेच," ते म्हणाले. "पाह्यल्यानं वाढत नाई."

पावसाळ्याच्या शेवटी एका मादीच्या पोटाखाली पिवळसर अंडी दिसली. पण त्याच सुमारास ह्यांच्या छातीत पाणी भरलं आणि दवाखान्यात ठेवावं लागलं. मी आंघोळीला आणि टँक पाहायला तेवढी घरी यायचे. एका सकाळी काचेवर केसाच्या टोकाएवढे ठिपके हलताना दिसले. मी तशीच दवाखान्यात गेले. "पिल्लं झाली," मी सांगितलं. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"किती?"

"मोजता नाई येत."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ माझा हात धरून होते.

घरी आल्यावर त्यांनी पिल्लं पाहिली. दिवाळीपर्यंत ते घरी होते. त्यानंतर एका डायलिसिसच्या वेळीच ते गेले.

तेराव्यानंतर नातलग म्हणाले, टँक देऊन टाक, एकटीने कशाला सांभाळतेस. भासरे तो न्यायच्या तयारीने आले होते. पण आत बोटबोट वाढलेल्या शेवाळात सगळीकडे लाल झालेलं पाहून ते खुर्चीवर बसले आणि रडले. भावाच्या मरणानंतर मी त्यांना प्रथमच रडताना पाहिलं. मग डोळे पुसून त्यांनी बाह्या वर केल्या आणि आम्ही दोघांनी मिळून थोडं पाणी बदललं. टँक इथेच राहिला.

आता ह्यांच्या जागी मी रेल्वेच्या ऑफिसात काम करते. झिंग्यांनी माझं दुःख कमी केलं असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी कुलूप काढून आत आले की पालकाचं एखादं पान उकळत्या पाण्यातून काढून त्यांना टाकायचं असतं. ते सगळे हळूहळू त्याच्यावर जमतात. मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून टँकच्या उजेडात बघत उभी राहते, आणि मग घरातला दिवा लावते.