नावालाच ठेवली नावं

एकाच टेबलावर वर्षानुवर्षं डबे उघडले, की किस्से किती साठतात ते रिटायर झाल्यावर कळतं. एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा निघतो, आणि हसता हसता माणूस मध्येच गप्प होतो. आंबिवलीच्या आमच्या कारखान्यातले हे तसलेच.

टेबलावर आम्ही तिघं. मी फिटर. युसुफभाई टर्नर, मूळचे महाडकडचे, घरात मराठीच. आणि क्रेन चालवणारा तरे, बाळकुमच्या खाडीवरचा कोळी. ऐंशीच्या सुमारास नवे पर्सोनेल ऑफिसर आले. युसुफभाईंचं बोलणं ऐकून म्हणाले, "तुम्ही मराठी की मुसलमान?"

"सोमवार ते शनिवार टर्नर, साहेब. रविवारी कारखाना बंद!"

साहेबही हसले. तेव्हा हसता यायचं.

*

पुढे एका इलेक्शनला गेटवर एक कार्यकर्ता आला. "आता हिंदूंनी एक व्हायला पाहिजे!" प्रत्येकाचा हात हातात घेऊन सांगत होता. युसुफभाईंचाही घेतला!

"व्हा की," युसुफभाई म्हणाले, "कोणी अडवलंय?"

तरे मात्र भडकला. "आमचे खाडीन केमिकल सोडलं, मावरं मेलं, तवा कुठं व्हतास? मासळी काय हिंदू नव्हती?"

*

पण हवा बदलली. आधी 'आपला माणूस' म्हणजे आपल्या खात्यातला. मग त्याच शब्दाचा अर्थ कधी फिरला, कोणाला कळलंही नाही. युसुफभाई युनियनचे जुने सेक्रेटरी. कँटीन त्यांनी आणलं, सेफ्टी शूज त्यांनी आणले. त्या वर्षी युनियनच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर 'आपला माणूस' म्हणून उभा राहिला तरे! आणि निवडून आला.

फोरमन जोशी एवढंच म्हणाले, "कामाला कुणी नावं ठेवली नाहीत. नावालाच ठेवली!"

*

दुसऱ्या दिवसापासून तरे डबा घेऊन पलीकडच्या टेबलावर बसू लागला.

मी विचारलं, "का रे?"

"तिकडं पंखा हाय."

थंडीचे दिवस होते.

*

मग दंगल झाली. गाड्या बंद, म्हणून कंपनीनं आम्हा ठाण्याच्या लोकांसाठी बस काढली. भरदुपारी शीळफाट्यावर जमावानं ती अडवली. हातात सळया. एक जण आत चढला आणि एकेकाला नाव विचारू लागला. युसुफभाई खिडकीपाशी. मागच्या सीटवरून तरे उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"हा कोण?"

"माझा मेव्हणा."

"नाव विचारतोय, नाव!"

"मेव्हण्याला काय नावानं हाक मारतात? मी साला बोलतो त्याला! तू काय बोलतोस तुझ्या मेव्हण्याला?"

तो हसला. मग खालचेही हसले. बस सुटली.

ठाणं आलं. उतरताना युसुफभाई वळले, तरेच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी गेलास की माझ्या बहिणीला सलाम सांग."