पळसाच्या पानांचा माणूस

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. ह्यांच्याशी एवढा संसार केला, त्यांनाही सांगितलं नाही. पाठच्या बहिणीला मी आमटीत काय घातलं इथपासून सगळं सांगते, तिलाही नाही. मी बोलघेवडी बाई. सातपूरच्या आमच्या गल्लीत माझ्यापाशी कुणी घटकाभर थांबलं की त्याची बस चुकते. पण हे एक मी गिळून बसले. आता का लिहिते? सांगते. मला सरळ येता येत नाही, जरा वळसा घालून येऊ द्या.

माझा मुलगा सखाराम. कंपनीत आहे, पन्नाशीला आलाय. गेल्या दिवाळीपासून त्याला आजोबांचा नाद लागलाय, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. मोठ्या लढाईत, दुसऱ्या महायुद्धात, ते फौजेत गेले तेव्हा माझे मालक रांगत होते. पुढे इगतपुरीकडच्या आमच्या गावी तार आली, माणूस बेपत्ता आहे म्हणून. मेला असं नाही, आहे असंही नाही. घरात फोटो नाही, काही नाही. म्हणून सखाराम रजेच्या दिवशी भावकीत फिरून वंशावळ लिहून आणतो, लष्कराच्या जुन्या नोंदींसाठी अर्ज करतो. मी म्हटलं, कर बाबा, वेळ बरा जातो. मला मात्र — विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघितलीय कधी? तसं.

आता सासूबाईंचं सांगते. त्या कुंकू लावायच्या. बेपत्ता माणसाची बायको धड सवाष्ण नाही, धड विधवा नाही. पण त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरवा चुडा. बायकाही मानायच्या त्यांना. कुणाचं ओटीभरण असलं की पहिलं बोलावणं त्यांना. मला नाही. माझा दोनदा गर्भ पडला होता, माझ्या हातची ओटी कोण घेणार? मी आत पुऱ्या लाटायला. खरं सांगू? त्या कुंकवाचा मला राग यायचा. नवरा कुठे आहे माहीत नाही तिचा मान, आणि माझा रोज रात्री घरी येतो तरी मी कोपऱ्यात. लहान मन होतं माझं. अजूनही फार मोठं झालंय असं नाही.

मूल टिकेना म्हणून गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, घरातला एक जण क्रियेवाचून राहिलाय, तो वंशाची वाट अडवून बसलाय. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि गोदावरीच्या काठी त्याला अग्नी द्यायचा. बेपत्ता माणसाचं असंच करतात आपल्याकडे. सासूबाई ऐकेनात. मी पाया पडले, रडले, जेवण सोडलं. शेवटी एक दिवस भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "कर बाई, तुझ्या मनासारखं कर." दिवस ठरला.

आणि ठरलेल्या दिवसाच्या आधी, एका दुपारी, कडी वाजली.

हे कामावर होते. सासूबाई दळण घेऊन गिरणीत गेलेल्या, येण्यातच होत्या. दारात एक म्हातारा. डोक्याला फडकं, हातात काठी, एक पाय ओढत होता. मागून ऊन, तोंड नीट दिसेना.

"पोरी, तू सून ना या घरची?" म्हणाला. "पेठच्या बाजारात इगतपुरीकडचा माणूस बोलत होता. माझा पुतळा जाळनार म्हनं तुमी. मी हाय ना जिता."

आणि हसला. मला अजून ते हसू आठवतं. रागावला असता तर बरं झालं असतं.

पेठच्या पुढे एका पाड्यावर राहतो म्हणाला. पाड्याचं नावही सांगितलं. तिथे बायको होती, पोरं होती. इतकी वर्षं घरी का आला नाही, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "राहायला नाय आलो मी," म्हणाला. "तिला येक डाव पाहून जातो. बोलत बी नाय."

माझ्या डोळ्यांसमोर काय आलं माहितेय? ते कुंकू. आता ते कायमचं राहणार. पुतळा नाही, क्रिया नाही, मूल नाही.

मी म्हटलं, "आई वारल्या. आषाढात."

विचारसुद्धा करावा लागला नाही मला. इतकं वाईट वाक्य, आणि कसं अलगद आलं जिभेवर — कुणी आधीच वाढून ठेवल्यासारखं.

तो पायरीवर बसला. पाणी मागितलं. मी तांब्या दिला. प्यायला, तोंड पुसलं, म्हणाला, "पोराला नको सांगू. मंग जाळा पुतळा. आता कोनासाठी जगायचं या घरात?" आणि उठला.

गल्लीच्या तोंडाशी सासूबाई वळत होत्या. डोक्यावर पिठाचा डबा, पदर पुढे ओढलेला. परका पुरुष म्हणून त्या भिंतीला सरकल्या आणि तो काठी टेकत त्यांच्या शेजारून गेला. मी दारातून बघत होते. एक हाक मारायची होती. कुणालाही — त्याला नाहीतर त्यांना. मी मारली नाही.

"कोण गं तो? पाय ओढत होता बिचारा," डबा उतरवताना त्यांनी विचारलं.

"घर चुकला होता," मी म्हटलं.

मग ठरल्या दिवशी आम्ही नदीवर गेलो. ह्यांनी अग्नी दिला. पळसाची पानं आधी नुसती धुमसली, मग नारळ तडकला. सासूबाईंनी आपल्या हातांनी कुंकू पुसलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चुडा दगडावर फोडला. मी त्यांना धरून उभी होते. तो माणूस तेव्हा पेठकडे कुठेतरी भात जेवत असेल, हे त्या काठावर एकट्या मला ठाऊक होतं.

वर्षाच्या आत सखाराम झाला. रीतीप्रमाणे आजोबांचं नाव ठेवलं — मेलेल्या आजोबांचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून सासूबाईंनी नातवाला कधी नावाने हाक मारली नाही. मरेपर्यंत बाबाच म्हणाल्या. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी मला विचारलं, "ते सुखात गेले असतील का गं?" मी म्हटलं, हो.

आणि दर पितृपक्षात मी त्या माणसासाठी पान वाढत आले. पहिली कितीतरी वर्षं ते जिवंत माणसाचं पान असेल. मी वरण नीट वाढायचे, लिंबाची फोड ठेवायचे.

परवा सखाराम लष्कराकडून आलेला कागद घेऊन आला. म्हणाला, "आई, गंमत बघ, यादीत माझंच नाव." मग गंभीर झाला. "आजोबा कैदेतून सुटले होते गं. पायाला जखम, बाकी ठीक. बोटीने परत आले, फौजेतून सुटून इकडेच यायला निघाले. मग घरी का नाही पोचले?"

मी विचारलं, चहा टाकू का?

तो आता गावोगाव विचारत फिरणार आहे. घोटीकडे, त्र्यंबककडे. पेठचं त्याच्या मनातही नाही. मला पाड्याचं नाव पाठ आहे, झोपेत उठवून विचारा. तिथे ह्यांची भावंडं असतील, त्यांची मुलं असतील. हे एकटे वाढले, एकटेच गेले.

रविवारी तो निघायच्या आधी मी त्याला ते नाव सांगणार आहे. तो विचारेल, तुला कसं माहीत? तेव्हा जीभ पुन्हा काहीतरी अलगद वाढून देईल याची मला भीती वाटते, म्हणून सगळं इथे लिहून ठेवलं.

काल दुपारी तो कंपनीतून लवकर आला. उन्हात दारात उभा होता, मागे उजेड, तोंड दिसेना. तीच उंची, तेच खांदे. "आई, मी आहे," म्हणाला.

आणि माझा हात दार लावायला कडीकडे गेला.